हिराजी तांडेलाचा मुका फोन

समुद्रकाठच्या एका गावात हिराजी नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, राहत होता. दूर दर्यात पाण्याखाली त्याला एक खडक सापडला होता. तिथे घोळ मासा हमखास मिळे. त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे हिराजीने फोनमध्ये जपून ठेवले होते. ते त्याने कुणालाच सांगितले नव्हते, मुलगा नरेशलाही नाही. जागा सांगणं म्हणजे वाढलेलं ताट दुसऱ्यापुढे सरकवणं, असं तो म्हणे.

एकदा त्याने बाजारात ऐकलं, की एस.टी. स्टँडवर चार्जिंगला लावलेल्या कुणाच्या फोनमधलं सगळं तारेतून चोरीला गेलं. हिराजीची झोप उडाली. शेजारच्या गोमाजी तांडेलाकडे चहाला गेला तरी फोन कनवटीला घट्ट धरून बसे. शेवटी तो मोबाइल दुरुस्त करणाऱ्या रुबिनाकडे गेला.

"चार्जिंगच्या भोकातली माहितीची वाट तोडून टाक. वीज तेवढी राहू दे."

"काका, अडीअडचणीला तार लागते."

"हल्ली सगळं हवेतून जातं. चोराची एक वाट बंद झाली तर बिघडलं कुठे?"

रुबिनाने नाइलाजाने वाट तोडली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिराजीने तर त्याला घरात घेऊन आतून कडी लावली होती.

महिन्याभराने एका दुपारी वारा फिरला. सगळ्या होड्या परतल्या, नरेशची आली नाही. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "बाबा, इंजिन बंद पडलंय. नांगर पाण्याखालच्या खडकात अडकलाय, जाळ्यात घोळच घोळ आहे, म्हणजे तुमचाच खडक असणार. आत पाणी येतंय." एवढ्यावर आवाज तुटला.

हिराजी धक्क्यावर धावला. पावसात डोंगर दिसेना, दीपस्तंभ दिसेना. खुणांवरून जागा सापडणार नव्हती. घाईने काढताना फोन धक्क्याच्या दगडावर आपटला आणि पडदा काळा झाला. फोन जिवंत होता, आकडे आतच होते. तो धावत रुबिनाकडे गेला.

"हवेतून पाठवायचं तरी पडद्याला बोट लावावं लागतं, काका," ती म्हणाली. "तारेची ती वाट चालू असती तर माझ्या पडद्यावर आत्ता सगळं दिसलं असतं. जोडते, पण काम केसाएवढं बारीक आहे. दोन तास लागतील."

दोन तासांत होडी बुडाली असती. हिराजी दुकानाच्या पायरीवर बसून रडू लागला. इतकी भीती त्याला कुठल्या वादळातही वाटली नव्हती.

तेवढ्यात वायरलेसवरचं ऐकून गोमाजी भिजत आला. "घोळीच्या खडकावरच आहे ना पोर? चल, मला ठाऊक आहे."

"तुला? कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली. तुझी जागा, म्हणून जाळं टाकलं नाही."

दोघे लाटांत होडी घालून गेले. नरेशची होडी काठापर्यंत पाण्यात होती, पण तिच्यावरचे तिघेही जिवंत सापडले. परतताना हिराजीला गोमाजीकडे मान वर करून पाहवेना.

दुसऱ्या दिवशी तो रुबिनाकडे गेला. "ती वाट जोड. मग आकडे नरेशला दे, आणि गोमाजीलाही."

"त्यांना तर ठाऊकच आहेत."

"ठाऊक आहेत," हिराजी म्हणाला, "पण मी दिले नव्हते."

तात्पर्य: चोराच्या भीतीने वाट बुजवू नये, मदतीलाही त्याच वाटेने यावं लागतं.