खिंडीतली पाठमोरी

कोकणातून घाट चढून या खिंडीत आलं की पहिल्यांदा दिसते ती देवीची पाठ. तुम्हीही मघाशी थबकलात, मी बघितलं. सगळेच थबकतात. कुणाला वाटतं आपण मागच्या बाजूने आलो, कुणाला वाटतं मूर्ती कुणीतरी चुकीची बसवली. तसं काही नाही. ती देशाकडे तोंड करून बसली आहे. चढून येणाऱ्याला तिची पाठ दिसते आणि परतून खाली उतरणाऱ्याला तिचं तोंड. म्हणून तिचं नाव पाठमोरी. आम्हा गुरवांच्या घरात तिची पूजा किती पिढ्यांची आहे ते विचारू नका, मोजणारे केव्हाच गेले. पण ती अशी का बसली, ते मात्र प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितलं आहे.

पूर्वी ती अशी नव्हती म्हणे. तेव्हा देऊळ नव्हतं, नुसता ओटा होता, आणि त्यावर देवी कोकणाकडे तोंड करून बसलेली. चढून धापा टाकत वर आलेल्या माणसाला समोर आईच दिसायची. त्या काळी खाडीकाठच्या एका गावात राणूशेट नावाचा वाणी होता. बारा बैलांवर मीठ लादून तो देशावर न्यायचा आणि तिकडून गूळ, मिरची, तंबाखू घेऊन खाली यायचा. पायाला भिंगरीच होती त्याच्या. वर्षातले आठ महिने तो वाटेवर, आणि उरलेल्या चार महिन्यांत पुढच्या आठ महिन्यांची तयारी.

राणूशेट मोठा देवभक्त होता, निदान चढताना तरी. खिंडीत आला की पागोटं काढायचा, नारळ फोडायचा आणि मागायला सुरुवात करायचा. आईचा ताप उतरू दे, चांद्या बैलाचा खूर बरा होऊ दे, मीठ भिजू देऊ नको, भाऊ गलबतावर गेलाय तो सुखरूप येऊ दे. मागणं लांबलचक असायचं, पण खोटं नसायचं. माणूस मनापासून काळजी करणारा होता. येताना मात्र उतार लागायचा, बैलांना गोठ्याचा वास यायचा आणि राणूशेटला घराचा. देवीच्या मागच्या अंगाने तांडा भराभरा खाली उतरायचा. थांबायचं त्याच्या मनातही यायचं नाही. वेळ कुठे होता?

अशी वर्षं गेली. राणूशेटच्या लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हा कुठे त्याच्या बायकोला, गोदीला, दिवस गेले. त्या हंगामात त्याने प्रत्येक खेपेला देवीजवळ एकच मागणं मागितलं. गोदी सुखरूप सुटू दे, मूल जगू दे. गोदीला आठवा लागला आणि वर्षातला शेवटचा मोठा बाजार आला. ही खेप करून यायचं आणि मग दोन महिने घर सोडायचं नाही, असं ठरवून तो निघाला.

खिंडीत पोचला आणि जागच्या जागी उभा राहिला. ओट्यावर देवीची पाठ होती. रातोरात ती फिरली होती, असं सांगतात. ज्या अंगाला कधी ऊन लागलं नव्हतं, त्या अंगावरचं शेवाळ आता उन्हात होतं.

नेमकी आत्ताच पाठ? आता गोदीचं कुणाला सांगायचं? आपण वळसा घालून पलीकडून तोंड बघावं, हे त्याला सुचलं नाही. तो पडला बैलवाला. बैलवाल्याला अडलेलं काही दिसलं की एकच सुचतं. त्याने दावी सोडली, देवीच्या कमरेला वेढा घातला, चांगले दांडगे दोन बैल जुंपले आणि हाकारा घातला. बैलांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि दोघेही खाली बसले. त्याने शेपट्या पिरगाळल्या, गोंजारलं, शिव्या घातल्या. बैल रवंथ करत बसून राहिले.

एवढ्यात खिंडीतल्या टाक्यावरून पाण्याची घागर घेऊन तानाई गुरवीण आली. आमच्या घराण्यातली ही पहिली, जिचं नाव आम्हाला ठाऊक आहे. राणूशेटला तिने लहानपणापासून पाहिलेलं.

"राणू, अरे आई हाय ती! लाकडाचा ओंडका नाय वढून न्यायला!"

राणूशेट रडवेला झाला. "काकी, पाठ फिरवली तिनं माझ्याकडं. गोदी पोटुशी हाय आणि आई रागावली."

तानाईने आधी दावं सोडवलं. देवीच्या कमरेवर वळ उठलाय का ते हात फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "रागावली नाय. मान अवघडली तिची."

"म्हंजे?"

"जाताना तू दहा गोष्टी सांगून जातोस. येताना पाठीमागून निघून जातोस. ती बिचारी मान वळवून वळवून बघते, राणू आला का, बैल सगळे आले का. चांद्याचा खूर बरा झाला का नाय, ते तिला अजून ठावं नाय. किती वर्सं वळवायची मान? शेवटी बसली तिकडं तोंड करून."

राणूशेट पुटपुटला, "थांबायला येळ कुठं गावतो, काकी?"

"बैल पाणी पितात न्हवं हितं? तेवढा येळ लई झाला."

बाजार चुकवून चालणार नव्हतं. काही न मागताच राणूशेट पुढे गेला. बाजारात त्याचं लक्ष लागलं नाही, आला तो भाव घेऊन पाचव्या दिवशी तो परत खिंडीत आला. घरी काय झालं असेल या काळजीने जीव नुसता कासावीस झालेला. तरी त्याने बैल टाक्यावर सोडले आणि पहिल्यांदाच येताना देवीसमोर उभा राहिला.

काय सांगावं ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "आई, चांद्याचा खूर बरा झाला. त्याला सहा वर्सं झाली." मग आठवलं, त्याच वर्षी आईचा तापही उतरला होता. भाऊ आला होता, गलबत फुटलं तरी पोहत आला होता. एकातून एक निघत गेलं. राणूशेट सांगत गेला. इतकं सगळं आपल्याला मिळालं होतं आणि आपण एकदाही मागे वळून पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठा आनंद झाला. बैलांचं पाणी पिऊन झालं, अंगं चाटून झाली. तेव्हा तानाईच म्हणाली, "बास आता. घरी जा. बाकीचं फुडल्या खेपंला."

घरी पोचला तर गोदी आदल्या दिवशीच बाळंत झालेली. मुलगी. सोललेल्या नारळाएवढी. आठव्या महिन्यातलं मूल हाती लागत नाही असं बायका म्हणायच्या, आणि सुईणीनेही मान हलवली होती. राणूशेट रात्रभर उशाशी बसून राहिला.

सकाळी तो उठला, डोक्याला पागोटं बांधलं आणि घाट चढायला लागला. बरोबर ना बैल, ना गोणी. वाटेत भेटलेल्यांनी विचारलं, "शेट, माल कुठाय?" तो म्हणाला, "माल नाय. सांगायला चाललोय."

खिंडीत आला, ओट्याला वळसा घालून देवीच्या समोर गेला आणि म्हणाला, "आई, मुलगी झाली. एवढीशी हाय. जगेल का नाय कुणालाच ठावं नाय. पण आज सकाळी दूध प्यायली."

एवढंच बोलून तो खाली निघाला. अर्धा घाट उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण मागितलं काहीच नाही. परत फिरावं का म्हणून तो क्षणभर थांबला. पण छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्याला वाटत होतं. तो घरी गेला.

मुलगी जगली. तिचं नाव आवडी ठेवलं. राणूशेट पुढेही फिरतीवरच राहिला, वाण्याला घरी बसून कसं चालेल? पण परतीच्या वाटेवर बैल पाण्याला सोडायचे आणि तेवढा वेळ आईला खुशाली सांगायची, हे त्याने मरेपर्यंत चुकवलं नाही. त्याचं पाहून बाकीचे तांडेवालेही थांबू लागले.

आजही कोकणातून चढणारा कुणी इथे काही मागत नाही. देशावरची मंडळी खाली उतरताना तोंड समोर दिसतं म्हणून हळूच मागून घेतात, असं आम्ही त्यांना चिडवतो. पण परतीला सगळे थांबतात. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर, बॅगा घेऊन गावोगाव हिंडणारे विक्रेते. इंजिन थंड होईपर्यंत उभे राहतात आणि काय झालं ते सांगतात. बातमी चांगलीच असते असं नाही. गेल्या माघात एक बाई आल्या होत्या. नवऱ्याला कोल्हापूरला नेलं होतं. समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, ऑपरेशन झालं. ते राहिले नाहीत. पण शेवटी त्यांनी मला ओळखलं, नावाने हाक मारली." मग टाक्यातलं पाणी तोंडाला लावलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

तुम्ही आता देशावर चाललात. कशासाठी ते मी विचारत नाही. येताना मात्र थांबा, आणि काय झालं ते तिला सांगून जा.