रावसाहेबांचं अपुरं चित्र

गिरगावातल्या एका खोलीत हेमांगी आचरेकर राहायची आणि तिथंच चित्रं काढायची. जागांचे भाव गगनाला भिडले, तसं घरमालक रावसाहेब वागळ्यांनी तिला खोली रिकामी करायला फर्मावलं. पण स्वतःचं भलंमोठं चित्र असावं, ही त्यांची जुनी हौस. ते काम तिलाच देऊन ते म्हणाले, "तेवढं पूर्ण होईपर्यंत राहा!"

वर्ष उलटलं. एके दिवशी रावसाहेब पाहुण्यांना घेऊनच आले आणि कडाडले, "अजून अपुरंच?"

हेमांगी हसून म्हणाली, "काय करू? मी रंगवते तोवर तुम्ही आणखी मोठे झालेले असता! आता तुमची वाढ संपली, असं या मंडळींसमोर सांगा; संध्याकाळपर्यंत चित्र पुरं करते, खोलीही सोडते."

रावसाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छे छे, घाई कसली? सावकाश होऊ द्या!"