पांढऱ्या घोडीचा नवा दरवाजा

सोनगिरीच्या राजाने कारभाऱ्यांना मिळणाऱ्या भेटी तपासायला एक कचेरी काढली होती. तिच्या प्रमुख सगुणाबाई. पूल बांधणाऱ्या धोंडशेट ठेकेदाराने दिवाण त्र्यंबकरावांना पांढरीशुभ्र घोडी दिली, तेव्हा बाईंनी भर दरबारात जाब विचारला.

दिवाण भडकले. "धोंडशेट माझा जिवलग मित्र! ही मैत्रीची भेट आहे. महाराज, या कचेरीला आधी टाळं लावा!"

"मैत्रीची असेल तर घोडी खुशाल ठेवा," बाई म्हणाल्या. "फक्त पुलाचं काम आजपासून तुमच्याऐवजी सेनापती बघतील, एवढी दवंडी पिटू द्या."

राजाने मान हलवली. दिवाणही ऐटीत हसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धोंडशेट दारात हजर. "घोडी जरा मलूल दिसते, वैद्याला दाखवून आणतो," म्हणत तो तिला घेऊन गेला. संध्याकाळी ती सेनापतींच्या अंगणात चारा खाताना दिसली.

दिवाणांचा चेहरा पडला. ते तडक कचेरीत गेले आणि बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. "फार उपकार झाले, बाई. उद्या तो पूल कोसळला असता, तर लोकांनी मलाच शिव्या घातल्या असत्या."

"आभार नंतर माना," चपला पायात सरकवत सगुणाबाई म्हणाल्या. "आधी सेनापतींकडे जाऊन येते. त्यांनाही आता एक जिवलग मित्र मिळालाय."