भिवराच्या बहिणीचं नाव

देवळाच्या मागच्या अंगाला उभे राहिलात की दोन ओढे दिसतात. उजवीकडचा मोरओढा. त्याचा आवाज तुम्ही चढावर असतानाच ऐकला असेल, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे त्याच्यापाशी फोटोही काढून झालेत. डावीकडे करंजांच्या सावलीतून जातो तो दुसरा. पाणी त्यालाही आहे, उन्हाळ्यात तर मोरओढ्याहून जास्त. पण तो वाजत नाही. पाणी खडकाच्या फटींत शिरतं, खालून खालून जातं आणि पार मळ्यापाशी वर येतं. वर उभ्या असलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. आणि त्याला नाव नाही.

पाहुणे हटकून विचारतात, गावातले लोक याला काय म्हणतात? गावातले लोक ‘तो ओढा’ म्हणतात. मोजणीवाले आले होते, ते असेच अडून बसले. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाले. आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना चहा पाजला, जेवायला घातलं, पण नाव काही दिलं नाही. मी इथला गुरव. भैरोबाची पूजा आमच्या घरात किती पिढ्या आहे ते मला सांगता येणार नाही, आणि ही हकिकत त्या पूजेबरोबरच माझ्याकडे आली. ऐकायची असेल तर बसून ऐका. घाई असेल तर मोरओढा चांगला आहे.

पूर्वी म्हणे आमच्या खैरवळात मुलीचं नाव एकटं ठरत नसे. घरात पहिली मुलगी झाली की तिची आत्या बारशाला दोन नावं मनाशी धरून यायची. एक पाळण्यातल्या मुलीच्या कानात सांगायचं. दुसरं, त्याला शोभेल असं, पुढं होणाऱ्या बहिणीसाठी राखून ठेवायचं. हे राखलेलं नाव आत्यानं कुणाला सांगायचं नाही. भावाला नाही, नवऱ्याला नाही, आणि मुलीच्या आईच्या कानावर तर ते बारशाआधी पडताच कामा नये. ज्या नावाला अजून अंग मिळालेलं नाही, ते तोंडातून सुटलं तर कुणाच्याही हाती लागतं, अशी समजूत होती. हसू नका. बाळ होण्याआधी पाळणा विकत आणायला तुमच्यातही कुणी धजत नाही.

त्या काळी इथं सुभान नावाचा शेतकरी होता. बायको गोजरा, सहा वर्षांची मुलगी भिवरा, आणि सुभानची थोरली बहीण सारजा. सारजा लग्नानंतर तीन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिला मूल नव्हतं. भिवराला तिनंच न्हाऊमाखू घातलेलं, आणि भिवराचं नावही तिनंच ठेवलेलं. मोठ्या नदीचं नाव. त्याच्या जोडीचं दुसरं नाव तिच्याकडे सहा वर्षं जपून ठेवलेलं होतं.

गोजराला पुन्हा दिवस गेले तेव्हा भिवरा आत्याच्या मागे लागली. मुलं लागतातच. जेवताना विचार, पाणी भरताना विचार, आत्या जात्यावर बसली की मांडीवर डोकं ठेवून विचार.

“आत्ती, बहीणच हुनार का?”

“व्हईल की.”

“मग तिचं नाव सांग.”

“नाव बारशाला.”

“मला हळूच सांग. मी कुनाला म्हणजे कुनाला सांगायची न्हाई.”

सारजा कडक बाई होती असं सांगतात. गावच्या पंचांना तिनं दोनदा तोंडावर खोटं पाडलं होतं. पण या एका पोरीपुढे तिचं काही चालायचं नाही. एक दिवस तिनं भिवराला जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं आणि राखलेलं नाव सांगून टाकलं. वर बजावलं, की घरात मोठ्यानं म्हणायचं नाही आणि आईसमोर तर नाहीच नाही.

भिवरानं शब्द पाळला, पण मुलं पाळतात तसा. घरात ती मोठ्यानं म्हणायची नाही. मग ती या ओढ्यावर जायची. तेव्हा हा ओढा मोरओढ्यासारखाच खळाळता होता. ती गोट्यांचा पाळणा मांडायची, त्यात करंजाची फांदी निजवायची आणि बहिणीला नावानं हाका मारायची. घरी आली की आई वाकळेवर आडवी झालेली असे. भिवरा तिच्या पोटाला तोंड लावून काहीतरी कुजबुजायची आणि पळून जायची. आई म्हणायची, गुदगुल्या करू नको गं. सारजा हे बघायची आणि हसायची. तिच्या आयुष्यात हसण्यासारखं तेवढंच होतं म्हणायला हरकत नाही.

सातव्या महिन्यात गावात देवीची साथ आली. आता तो रोग राहिला नाही. तेव्हा तो आला की दारोदार लिंबाचा पाला टांगायचा आणि वाट बघायची, एवढंच माणसाच्या हातात होतं. गावातली अकरा मुलं गेली. भिवरा पाचव्या दिवशी गेली. पोटुशी म्हणून गोजराला शेजारच्या घरी ठेवलेलं होतं, त्यामुळे तिला पोरीचं तोंडही नीट बघता आलं नाही. भिवराजवळ होती ती सारजा. शेवटच्या दिवशी तापात भिवरा बहिणीला हाका मारत होती म्हणे, आणि सारजा तिच्या तोंडावर हात ठेवत होती. त्या हाताचं सारजाला पुढं जन्मभर वाईट वाटत राहिलं.

दोन महिन्यांनी गोजरा बाळंत झाली. मुलगीच झाली. अंगानं मूठभर. पहिल्या दिवसापासून तिनं अंगावर पिणं धरलं नाही. कापसाच्या बोळ्यानं दूध तोंडात सोडायचं, त्यातलं निम्मं बाहेर यायचं. रडायचीही नाही. नुसती मान एका बाजूला टाकून पडून असायची, आणि ती बाजू ओढ्याची होती.

याच दिवसांत ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका सांगू लागल्या, की पाण्यातून पोरीचा आवाज येतो. कुणाला तरी नावानं हाक मारते. काय नाव घेते विचारलं तर सांगता येत नसे. तिथं असताना स्पष्ट कळायचं आणि बांध ओलांडला की डोक्यातून जायचं. खरं काय ते भैरोबाला ठाऊक. पण ते सारजाच्या कानावर आलं. ते नाव कोणतं हे ओळखायला तिला ओढ्यावर जायची गरज नव्हती.

आता तिची अडचण समजून घ्या. बारसं चार दिवसांवर आलेलं. राखलेलं नाव मुलीला द्यावं, तर थोरलीला ते पाठ होतं. ती हाक मारणार, आणि नाव अंगाला चिकटलेलं मूल त्या हाकेला ओ देणार. मुळात नाव फोडलं कुणी, तर आपणच. आणि न द्यावं, तर भिवराची या घरात राहिलेली शेवटची गोष्ट पुसून टाकायची. त्यातून गोजरा हट्टाला पेटलेली. दहाव्या दिवशी ती नणंदेला म्हणाली,

“वन्सं, भिवराच्या जोडीचं जे राखलंय त्येच ठेवायचं. दुसरं न्हाई.”

“पोर नाजूक हाय, गोजरा. दगडी, धोंडी असं कायतरी ठेवू. जगंल.”

“माझी एक गेली. तिच्यासंगं तिचं जोडनाव बी गेलं तर ती हुती असं कुनाला तरी वाटंल का? मला दोघींची नावं एका दमात घ्यायची हायेत.”

सारजा बाळाकडे वळली आणि दुधाचा बोळा भिजवू लागली.

बाराव्या दिवशी आढ्याला पाळणा बांधला. घुगऱ्या शिजल्या. बायका जमल्या, पण गाणं कुणी म्हटलं नाही. तुमच्याकडेही रीत असेल. आत्या बाळाच्या कानाशी वाकते, कुर्र्र करते, नाव सांगते, आणि मागून बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. त्या दिवशी सारजा वाकली तेव्हा तिच्या पाठीवर एकही हात पडला नाही. ती किती वेळ तशीच वाकून होती याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. मग ती उठली आणि म्हणाली, “गोदा.”

पोरीचं नाव गोदा. भिवरा आणि गोदा, दोन्ही नद्याच; जोड बरी जमते. बायका मान हलवू लागल्या. तेवढ्यात गोजरा भिंतीला टेकून बसलेली होती तिथून बोलली. बाळंतिणीचा आवाज तो कितीसा, पण सगळ्यांनी ऐकला.

“वन्सं, त्येच का?”

भैरोबाच्या सावलीतल्या गावात, अकरा मुलं गेलेल्या वर्षी, बारशाच्या पाळण्यापाशी खोटं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यातून पंचांना खोटं पाडणारी बाई. तिनं पाळण्याची दोरी घट्ट धरली आणि सांगितलं,

“त्येच.”

त्याच दुपारी सारजा एकटी ओढ्यावर गेली. गोट्यांचा पाळणा अजून तसाच होता. ती पाण्यात गुडघाभर उतरली, वाकली आणि राखलेलं नाव पाण्याला सांगितलं. म्हणाली, “घे बाई, हे तुझं तुला. खेळ ह्याच्यासंगं. पोरगी मातूर आमच्याकडं ऱ्हाऊ दे.” असं सांगतात की तिचं बोलणं संपता संपता ओढ्याचा आवाज बसत गेला, पाणी खडकाखाली उतरलं आणि ती कोरड्या दगडांवर उभी राहिली. घरी आली तेव्हा गोदा आईला बिलगून चुटूचुटू पीत होती.

गोदा जगली. तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. ओढ्याला पूर्वी जे काही नाव होतं ते लोकांनी टाकून दिलं. एका मुलीचं नाव ज्याच्या पोटात आहे, त्याला आपण आणखी कशानं हाक मारायची?

सारजा आणि गोजरा पुढं चाळीस वर्षं एका चुलीवर राहिल्या. त्या बारशाबद्दल दोघींत चकार शब्द निघाला नाही. सुभान गेला, गोदाची मुलं आजोळी येऊन घर भरू लागली. सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवताना गोजरा म्हणायची, “भिवरा, गोदा,” आणि सारजा मान खाली घालून उभी राहायची. गोजराच्या तोंडून ती जोड निघाली की आपल्या जिवाचं पाणी व्हायचं, असं सारजानं पुढं गोदाला सांगितलं. ही सगळी हकिकत गोदाकडूनच गावाला कळली.

गोजरा शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा सारजाला राहवेना. एका संध्याकाळी ती भावजयीच्या उशाशी बसली. गोदा माहेरी आलेली, पायथ्याशी होती.

“गोजरा, माझ्या हातनं पाप झालंय. बारशाला मी तुला खोटं सांगितलं. ते राखलेलं नाव नव्हतं.”

गोजरानं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, “मला ठावं हाय, वन्सं.”

“कसं?”

“भिवरा रोज माझ्या पोटाला सांगायची की. मी काय बहिरी हुते? आईनं ऐकू नये म्हनत्यात, पर मी ऐकायची. झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायची. मला लई ग्वाड वाटायचं. मग भिवरा गेली. मला वाटलं, मी ऐकलं म्हनून गेली.”

सारजा म्हणाली, “मी फोडलं म्हनून गेली.”

तिनं गोजराच्या अंगावरची वाकळ सारखी केली. मग सारजानं विचारलं, “ठावं हुतं, तर चारचौघांत इचारलंस कशाला?”

“दुसरं ठेवा असं माझ्या तोंडानं म्हनवलं नसतं. एका लेकीला वाचवायला दुसरीची वस्तू हिसकावून घ्यायची, ते आईच्यानं हुत न्हाई. तुमी ते केलंत. मला फकस्त तुमच्या तोंडनं ‘त्येच’ ऐकायचं हुतं. त्याच्यावर मी चाळीस वर्सं काढली.”

मग ती म्हणाली, “आता एकडाव सांगा. चाळीस वर्सं कानावर आलं न्हाई.”

सारजा वाकली. गोदा पायथ्याशी बसलेली, तिला आत्याची पाठ तेवढी दिसत होती. आत्यानं म्हणे आधी कुर्र्र केलं, बारशाला करतात तसं, आणि मग आईच्या कानात ते नाव सांगितलं. गोदाला काही ऐकू आलं नाही. आईचं तोंड मात्र तिनं बघितलं, आणि आपल्या आईला तसं हसताना आपण जन्मात पाहिलं नव्हतं, असं ती म्हणत असे. गोजरा त्याच रात्री गेली. आपलं खरं नाव काय होतं हे गोदानं आत्याला कधी विचारलं नाही. माझ्यापर्यंत आलं ते एवढंच.

आजही खैरवळात दुसऱ्या मुलीचं बारसं असलं की आत्या कानात नाव सांगून उठते, आणि बाळंतीण भिंतीला टेकून विचारते, “त्येच का?” आत्या म्हणते, “त्येच.” पुढं कुणी विचारत नाही. आता नावं मोबाइलवर शोधतात, थोरलीच्या नावाला यमक जुळवतात, घरात महिनाभर त्यावर भांडणं होतात. तरी एवढं विचारणं काही सुटलेलं नाही. माझ्या धाकटीच्या बारशाला माझ्या बायकोनं विचारलं. आमची थोरली धडधाकट, घुगऱ्या खात पाळण्यापाशीच उभी होती, नाव तिनंच आग्रह करून ठेवायला लावलेलं होतं. खोटं बोलण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. तरी माझ्या बहिणीला ‘त्येच’ म्हणताना हुंदका आला, आणि जमलेल्या बायकांत एकीनंही तिला का म्हणून विचारलं नाही.