मागे भिंत आहे

एकदा एक नवी परिचारिका एका जुन्या रुग्णालयात रुजू झाली. पदवी हाती आली होती, गणवेश कोरा करकरीत होता, पण मन अजून महाविद्यालयातच रेंगाळत होते. तिथे ती रुग्णाच्या खाटेशी उभी राहिली की मागे तिच्या मॅडम असत. ती जरा अडखळली तर पाठीवर त्यांचा हात येई. त्या हाताची तिला आता सारखी आठवण येई.

त्यातून तिला एक विचित्र सवय जडली. कोणी ‘सिस्टर’ अशी हाक मारली, की ती मागे वळून पाही. सिस्टर म्हणजे दुसरी कोणीतरी, मोठी, जाणती. आपण कुठल्या सिस्टर! एक आजोबा तर तिची थट्टाच करत. “अहो बाई, तुमच्या मागं भिंत आहे. भिंतीला कशाला हाक मारू मी?”

त्या वॉर्डाच्या प्रमुख एक वृद्ध परिचारिका होत्या. बरोबरच्या परिचारिका त्यांना अक्का म्हणत. त्यांचे कान असे तिखट, की टोकाच्या खाटेवर कोणी कूस बदलली तरी त्यांना कळे. हाक आली की ही नवी मुलगी अक्कांकडे बघे आणि अक्का मुकाट्याने उठून जात.

पण एके सकाळी नवलच घडले. आजोबा कळवळून ओरडले, “सिस्टर!” मुलीने अक्कांकडे पाहिले. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून औषधांचे कपाट आवरत होत्या.

“अक्का, आजोबा बोलावताहेत.”

अक्का ढिम्म. जणू कानांत बोळे घातले होते. पुन्हा हाक आली, तेव्हा मुलगी चिडून स्वतःच धावली. आजोबांचा हात सुजला होता; सलाइन शिरेबाहेर जात होते. सवयीने तिने मागे पाहिले. मागे भिंतच होती. मग मात्र तिचे हात आपोआप चालू लागले. तिने सलाइन बंद केले, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना कळवले आणि हे सगळे करताना ती आजोबांशी त्यांच्या नातीबद्दल बोलत राहिली.

काम आटोपून ती अक्कांपुढे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. “मला नाही जमणार हे. उद्यापासून मी येत नाही. तुम्हीसुद्धा पाठ फिरवलीत.”

अक्कांनी तिला शेजारी बसवले. “पाठ फिरवली, पण नजर नाही गं. कपाटाच्या काचेत तुझे हात दिसत होते मला. जरा चुकले असते, तर मी पोचलेच असते. सुई काढताना माणसाला बोलतं ठेवायचं, हे तुला कोणी शिकवलं?”

“मॅडमनी,” ती हळूच म्हणाली.

“मग मागे कुणाला शोधतेस? त्या तुझ्या हातांत आल्यात.” अक्कांनी तिचा हात हातात घेतला. “आणि एक सांगू? ‘सिस्टर’ या हाकेला माझी मान आयुष्यभर वळत आलीय. आज ती आवरताना जीव नुसता तुटत होता. लवकरच मी निवृत्त होईन. मग मला सिस्टर कोण म्हणणार? जाण्याआधी ती हाक कुणाच्या तरी स्वाधीन करायचीय मला. तूच निघून गेलीस, तर कुणाला देऊ?”

मुलीने डोळे पुसले. इतक्यात आजोबांचा आवाज आला, “सिस्टर, पाणी द्या हो!”

“आले, आजोबा,” म्हणत ती निघाली. पेला भरताना तिच्या ध्यानात आले, की या वेळी आपण मागे पाहिलेच नाही. मग तिने मुद्दाम एकदा वळून पाहिले. अक्का खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. त्या सावकाश पुन्हा खाली बसल्या.