सुत्त अडलं तिथं

"...आणि सगळंच विसरलो, तर माझ्यापाशी उरेल काय, भन्ते?"

वृद्ध भन्ते उपसेन डोळे मिटून बसले होते. वर्षावासातली दुपार. लेण्याच्या दारातून धुकं आत येत होतं आणि खांबांभोवती घुटमळत होतं.

विचारणारे होते प्राध्यापक मोरेश्वर खोब्रागडे. सगळा जन्म पाली भाषेत गेलेला, सिंहली आणि ब्रह्मी पोथ्या धुंडाळलेल्या. वंदनेत एखाद्या भिक्खूचा उच्चार चुकला, तर हे उपासकांच्या रांगेतून भर वंदनेत तो दुरुस्त करायचे. भलेभले त्यांना पाहून चाचरत. आता शब्दच त्यांच्या हातावर तुरी देऊन निघून जाऊ लागले होते. स्मरण हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माणूस पार हादरला होता.

भन्तेंनी त्यांना मैत्रीचं सुत्त म्हणायला सांगितलं.

आईच्या मायेनं सगळ्या जिवांना जवळ करा, असं सांगणारं ते सुत्त. त्यावरच तर प्राध्यापकांचा जाडजूड ग्रंथ होता. ते सावरून बसले. पण शेजारी एक करडू कुडकुडत होतं. पाय दुखावला म्हणून धनगरानं ते भन्तेंपाशी ठेवलेलं. ते सारखं ओरडत होतं. पाठात व्यत्यय नको म्हणून प्राध्यापकांनी त्याला छत्रीच्या टोकानं दूर सारलं.

मग आवाज लागला. लेणं भरून गेलं... छत, खांब, धुकं, सगळंच त्यांच्यामागून म्हणतंय असं वाटत होतं.

आणि मध्येच सुत्त अडलं.

पुढची ओळ येईना. त्यांनी मागून पुन्हा सुरुवात केली. तिथंच येऊन अडले.

पाण्याचा थेंब टपकला... मग आणखी एक.

भन्तेंना ती ओळ येत होती. त्यांनी सांगितली नाही.

प्राध्यापकांच्या डोळ्यांना धार लागली. किती वेळ गेला कोण जाणे. धुकं इतकं दाटलं, की समोरचे भन्तेही दिसेनासे झाले. त्या पांढुरक्यात काहीतरी ओलं, थरथरतं त्यांच्या मांडीशी आलं आणि अंग चोरून बसलं. सत्कारात मिळालेली शाल त्यांच्या खांद्यावर होती. ती त्यांनी काढली, त्याच्यावर पांघरली. हात पाठीवरून फिरत राहिला. हे सारं कधी घडलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

हळूहळू थरथर थांबली. करडू झोपलं.

धुकं विरलं तेव्हा भन्ते त्यांच्याकडेच पाहत होते. वंदना ऐकताना जोडतात, तसे त्यांनी हात जोडलेले होते.

"ती ओळ गेली, भन्ते," प्राध्यापक पुटपुटले. "मी केव्हाचा थांबलोय..."

भन्ते हलकेच हसले.

"थांबलात कुठं, उपासक? म्हणत राहा... मी ऐकतोय."