वाफेवरची करंजी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा पीठ घरच्या जात्यावर दळलं जायचं, आणि राजेसुद्धा सवड मिळाली की मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, डोकावून जायचे.

अशाच एका राज्यात एक राजा होता. मनाने चांगला, पण त्याला एक खोड होती. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खणात बसलीच पाहिजे, हा त्याचा हट्ट. ढगांचे प्रकार त्याने लिहवून घेतले होते. शिंकांचेसुद्धा घेतले होते. कुठेच न बसणारं काही दिसलं की त्याला अन्न गोड लागत नसे.

त्याच्या राज्यात चार वाटा एकत्र येत. त्यामुळे तिथल्या बाजारात देशोदेशीची माणसं आपापली चूल मांडून बसत. वाळवंटाकडचे लोक खुसखुशीत कचोऱ्या तळत. पूर्वेकडचे लोक पातळ कणकेच्या इवल्या पुरचुंड्या रश्शात उकळत. पश्चिमेकडचे लोक कांदा भरलेल्या जाड पोळ्या मातीच्या भट्टीत लावत. इथले मोदक, करंज्या आणि पुरणपोळ्या तर होत्याच. मुलांनो, काय तो घमघमाट, आणि काय ती त्या हातांची कमाल! नुसतं बघत उभं राहावं.

एके दिवशी राजा भरल्या ताटावर बसला आणि म्हणाला, "वरून पीठ, आत सारण. मग हे सगळं एकच, की निरनिराळं?"

झालं! दरबारात दोन पंडित होते. एक म्हणाला, "आकार पाहावा." दुसरा म्हणाला, "आच पाहावी." दोघांची अशी काही जुंपली की ताटातलं सगळं गारढोण झालं.

"पुरणपोळी चपटी आहे. ती साधी पोळी," आकारवाले म्हणाले.

"अहो, पण तिच्या पोटात पुरण आहे ना!" आचवाले म्हणाले.

"मग भाकरी दुमडून आत ठेचा घातला, तर तीही यातच घेणार का?"

"तिचं तोंड उघडं राहतं. ती बाद!"

तेवढ्यात प्रधानाने विड्याचं काय म्हणून विचारलं. "विड्याला पीठ नसतं!" दोघंही एकदम ओरडले. तीन दिवसांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

शेवटी आचवाल्यांची सरशी झाली. राजाने पोथी करवली आणि तिच्यात चार खण पाडले. वाफवलेलं, तळलेलं, भाजलेलं आणि उकळलेलं. मोदक पहिल्या खणात गेले, करंज्या दुसऱ्यात, पुरणपोळ्या तिसऱ्यात आणि रश्शातल्या पुरचुंड्या चौथ्यात. बाजारातही तशाच चार ओळी आखल्या गेल्या. दवंडी पिटली गेली, की ज्याचा पदार्थ खणात बसेल, त्यानेच बाजारात चूल पेटवावी. ज्याचा बसणार नाही, त्याने वेस ओलांडावी.

त्याच आठवड्यात डोंगरापलीकडून एक बाई आली. दरड कोसळून तिचं गाव गेलं होतं. म्हाताऱ्या आईचा हात धरून ती मजल दरमजल करत इथवर पोचली होती. तिच्याजवळ एक तवा, एक झाकण आणि हातातली कला, एवढंच होतं. इथे चूल मिळाली तर दोघी जगणार होत्या. नाही मिळाली तर थंडी पडायच्या आत पुन्हा डोंगर चढायचा होता, आणि म्हातारीच्याने ते होणार नव्हतं.

कारकुनाने विचारलं, "वाफवतेस की तळतेस?"

"दोन्ही," बाई म्हणाली. "आधी तव्यावर तेलात बूड खरपूस करते. मग पाणी शिंपडते आणि झाकण ठेवून वाफ काढते."

कारकुनाचा बोरू हवेतच राहिला. त्याने तिला दरबारात नेलं, पण पंडितांनाही काही सुधरेना. तिने करून दाखवलेल्या पदार्थाचा आकार करंजीचा होता आणि चुण्या मोदकासारख्या होत्या. राजा अस्वस्थ झाला. तो म्हणाला, "आक्कांना बोलवा. त्या सांगतील ते खरं."

आक्का म्हणजे मुदपाकखान्याची मुख्य आचारीण. चाळीस वर्षं तिच्या हातच्या मोदकांचा नैवेद्य दाखवला जात होता. एकवीस कळ्यांचा मोदक ती बोलता बोलता वळायची आणि एक कळी इकडची तिकडे व्हायची नाही. सगळं राज्य तिला नावाजत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडतही होतं.

आक्काने बाईचा पदार्थ हातात घेतला, फिरवून पाहिला. चुण्या एकाच बाजूला होत्या. दुसरी बाजू सपाट.

"अर्ध्याच कळ्या? कंटाळा आला म्हणून सोडून दिलं वाटतं!" आक्का हसून म्हणाली. मग राजाकडे वळली. "महाराज, हा मोदक नव्हे आणि करंजीही नव्हे. हे कशातच बसत नाही."

बाईने पदर सावरला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वेशीबाहेर जायची चिठ्ठी घेऊन जा, असं तिला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. मुदपाकखान्यात आक्काने उकड काढली होती. बाकीच्या बायका ताटं मांडायला गेल्या होत्या आणि आक्का एकटीच भराभर मोदक वळत होती. बाई चिठ्ठीसाठी आली, तर कारकुनाचा अजून पत्ता नव्हता. ती मुदपाकखान्याच्या दारातच उभी राहिली.

थोडा वेळ ती आक्काच्या बोटांकडे बघत राहिली. मग न राहवून म्हणाली, "आक्का, उकड गार होतेय. पारीला चिरा जातील. हात लावू का?"

आक्काच्या मनात नाही म्हणायचं होतं. पण उकड खरंच गार होत होती. "हात धू आणि बस," ती म्हणाली.

बाई बसली. तिने उकडीची पारी केली, म्हणजे गोळ्याची बोटांनी पातळ वाटी केली, आणि आक्काने दाखवल्याप्रमाणे कळ्या पाडल्या. दुसऱ्याच मोदकाला तिचा हात बसला. आक्का चाट पडली. असा हात तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"मग तुझ्या त्या चुण्या अर्ध्यावर का सोडतेस गं?" आक्काने विचारलं.

"सोडत नाही. एका बाजूला चुण्या घातल्या की पारी आपोआप वाकते. मग तव्यावर बुडावर नीट बसते, कलंडत नाही." बाईने एका पारीला तशा चुण्या घालून दाखवल्या आणि पाटावर ठेवली. ती अगदी ऐटीत बसली.

कालचं आपलं हसणं आक्काला आता फार लागत होतं. ती मान खाली घालून मोदक वळत राहिली.

शेवटी एक गोळा उरला. आक्काने सवयीने तो घेतला, त्यात सारण भरलं, दुमडला, कडेला मुरड घातली आणि मोदकांच्या मधोमध चाळणीत ठेवला.

"ही एकच वेगळी का?" बाईने विचारलं.

"ती करंजी. मोदक एकटे ठेवायचे नसतात. मोदक भाऊ आणि करंजी बहीण. भावांना एक बहीण हवी, म्हणून शेवटी एक करंजी करायची. माझी आई करायची, तिची आईही करायची."

बाई जरा घुटमळली. "पण आक्का, करंजी तर तळणीच्या खणात लिहिली आहे ना? मग ही वाफेवर कशी बसली?"

"अगं, बहिणीला कोणी खण विचारतं का!" आक्का पटकन बोलून गेली.

आणि बोलून झाल्यावर तिचा हात चाळणीवरच थांबला. चाळीस वर्षं, दर चतुर्थीला, ती स्वतःच्या हाताने एक पदार्थ करत आली होती जो राजाच्या पोथीत कुठेच बसत नव्हता. त्याला तिने कधी बाहेर काढलं नव्हतं. उलट सगळ्यांच्या मधोमध ठेवलं होतं.

इतक्यात कारकून आला. बाईने चिठ्ठी घेतली, आक्काला नमस्कार केला आणि ती निघून गेली. खजील माणसाची जीभ ऐन वेळी अडते, तशी आक्काचीही अडली.

दुपारी राजा जेवायला बसला. आक्काने त्याच्या ताटात मोदक वाढले आणि शेजारी ती करंजी ठेवली.

"पंडितांना विचारा, महाराज, ही कुठल्या खणातली?"

"करंजी, म्हणजे तळलेलं," एक पंडित म्हणाला.

"वाफवली आहे. म्हणजे मोदक," दुसरा म्हणाला. पुन्हा जुंपणार, तोच आक्काने कमरेची मुदपाकखान्याची किल्ली काढली आणि राजासमोर ठेवली.

"ही कशातच बसत नाही, महाराज. कायदा तोच असेल तर हिला वेशीबाहेर काढा आणि हिला करणारीलाही काढा. काल मी एका बाईला याच कारणासाठी घालवलं. माझा निवाडा चुकला. माझ्या मोठेपणाच्या धुंदीत चुकला."

भर पंगतीत, राजासमोर, स्वतःची चूक अशी स्वच्छ कबूल करायला छाती लागते. आक्काला ती होती.

राजाने विचारलं, "मग हे सगळं लावायचं तरी कशाने, आक्का?"

"नात्याने लावा. वरून पीठ, आत काहीतरी जपून ठेवलेलं, आणि कुणीतरी आपल्या हाताने मिटलेलं तोंड. हे ज्याला ज्याला आहे, ते सगळं एका घरचं."

"आणि त्यांच्यातला फरक?"

"फरक असणारच. माझ्या चार लेकींची चार तोंडं आहेत. वेगळी दिसते म्हणून मी कुणाला घराबाहेर काढलं नाही."

राजाने करंजी मोडली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग पोथी मागवली आणि स्वतःच्या हाताने चारही खणांवर काट मारली. "ती किल्ली उचला, आक्का," तो म्हणाला. "आणि त्या बाईच्या मागे घोडेस्वार पाठवा."

"घोडेस्वार बघून बिचारी घाबरेल," आक्का म्हणाली. "मी घालवलं आहे. मीच आणते."

आणि ती साठीची आक्का भर उन्हात निघाली. वेस ओलांडली, माळ ओलांडला. ओढ्याकाठी दोघी मायलेकी बसलेल्या दिसल्या. म्हातारीचे पाय सुजले होते आणि लेक त्यांच्यावर पाणी घालत होती. आक्का धापा टाकत त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली.

"चुकले गं मी," ती म्हणाली. "चल परत. तुझी चूल माझ्या शेजारी मांडू."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मानेनेच हो म्हणाली. मग आक्का म्हणाली, "पण आधी एक सांग. तुझ्या त्या पदार्थाला तुमच्याकडे म्हणतात तरी काय?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली. कारकुनाने आच विचारली होती, पंडितांनी आकार मोजला होता, राजाने खण शोधला होता. नाव मात्र आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तिने हळूच ते सांगितलं. लहानसंच नाव होतं. आक्काला ते म्हणताना दोनदा चुकलं. म्हातारी खुदकन हसली आणि तिने सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा आक्काला ते बरोबर जमलं.

तात्पर्य: दुसऱ्याला कुठे बसवायचं हे ठरवण्याआधी त्याचं नाव विचारावं.